एकाची यादी

शिवणवाल्या मावशींनी आपला फोन नवीच्या कीबोर्डवर आणून ठेवला आणि म्हणाल्या, "लाव. आत्ताच्या आत्ता माझा नंबर लाव."

नवीने लावला. फोन दणदणून वाजला, आणि त्याच्या वजनाने स्क्रीनवर एकच अक्षर ओळभर उमटत गेलं. मावशींनी तो उचलला नाही. हात बाजूला घेऊन त्यांनी तो सगळ्या खोलीला नीट ऐकू दिला, खोलीतल्या एकेकाकडे बघितलं आणि मग विचारलं, हा जर वाजतोय, तर काल का नाही वाजला?

काल म्हणजे रंगीत तालीम. गावाच्या वरच्या अंगाला धरण, खाली नदी, आणि नदीच्या काठाला चिकटून सगळ्या गल्ल्या. धरणातून पाणी सोडायचं झालं की पूर्वी भोंगा लावलेली गाडी फिरायची, आणि तिचं बोलणं पहिल्या वळणापलीकडे कोणाला कळायचं नाही. आता घरोघर कॉम्प्युटरच फोन करणार होता, आणि ती सगळी सिस्टिम या एवढ्याशा ऑफिसने बनवली होती. काल दुपारी खोटं खोटं पाणी सोडलं. फटाफट फोन वाजले, माणसं बाहेर पडली, शाळेच्या मैदानावर जमली. एक जण तर अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून आला होता, आणि मैदानात सगळ्यांत जास्त कौतुक त्याचंच झालं. झकास तालीम. फक्त मावशी तेवढ्या खिडकीत बसून एका पँटची शिलाई उसवत होत्या. समोरून आख्खी गल्ली चाललेली बघितली आणि त्यांना वाटलं, सगळे आपल्याला न सांगता कुठेतरी जेवायला निघाले. त्यांनी रागाने खिडकी लावून घेतली आणि पुन्हा पँट हातात घेतली.

"खरं पाणी असतं तर?" मावशी म्हणाल्या. "मी रुसून बसले असते गं आत."

यावर हसावं की काय करावं ते कोणालाच कळेना. नवीला तर अजिबातच हसू आलं नाही, कारण काल ज्या मशीनने मावशींना फोन केला नाही, त्या मशीनचा मधला तुकडा तिने लिहिला होता.

तो मधला तुकडा काय ते आधी सांगायला हवं. कोणाला आधी फोन करायचा हे ठरवायला नियम होते. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर आधी त्यांना फोन आणि सोबत उचलायला दोघे पाठवा. तान्हं मूल असेल, तर त्यांच्यामागोमाग. घर वरच्या मजल्यावर असेल, तर थोडं थांबलं तरी चालेल. असे ढिगाने नियम, आणि ते लिहायची एक जुनीच वेगळी भाषा, जी ऑफिसात फक्त नियमकाकांना यायची. बाकी सगळं, म्हणजे घरं, माणसं, वयं, नंबर, हे सगळं जावा नावाच्या दुसऱ्या भाषेत. आता जावाला नियमांचं कळत नाही आणि नियमांना जावाचं कळत नाही, म्हणून मध्ये एक दुभाषा. दुभाषा म्हणजे माणूस नाही, प्रोग्रामच. जावाकडून एकेका घराची यादी उचलायची, घरात कोण कोण आहे त्याची, ती नियमांच्या भाषेत मांडून पलीकडे द्यायची, आणि पलीकडून फोनची यादी घेऊन परत यायचं. एवढंच काम. हा दुभाषा नवीचा. तिचं पहिलं मोठं काम, आणि ते लिहीत होती तेव्हा ती घरी इतकी बडबडायची, की तिच्या आजीलासुद्धा जावा म्हणजे काय ते माहीत झालं होतं. म्हणजे आजीला वाटायचं ते ऑफिसातल्या कुणा बाईचं नाव आहे. पण निदान नाव तरी.

नवीला नवी म्हणायचं कारण एवढंच, की ती सगळ्यांत शेवटी आली होती आणि तिच्यानंतर कोणी आलंच नाही. तिचं प्रोबेशन याच आठवड्यात संपत होतं. तालीम नीट झाली तर कायम, असं मॅडम म्हणाल्या होत्या, आणि नवीच्या आईने ते ऐकल्या ऐकल्या आख्ख्या बिल्डिंगला कायम झाली असंच सांगून टाकलं होतं.

मॅडम त्यांच्या काचेच्या खोलीतून बाहेर आल्या. मॅडम तशा वाईट नव्हत्या, फक्त सतत घाईत असायच्या, उभ्याउभ्याच चहा प्यायच्या. त्यांनी मावशींना खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि मग खोलीच्या मधोमध उभं राहून सांगितलं, की आणखीही तक्रारी आल्यात. धरणवाल्यांना आज ऑफिस सुटायच्या आत लेखी हवंय, काय चुकलं आणि कोणाच्या बाजूला चुकलं. ज्याच्या बाजूला चूक, तो या कामातून बाहेर, हे त्यांनी करारातच लिहून घेतलेलं. हे बोलताना मॅडमनी नवीकडे बघितलं नाही. त्यांनी ते किती मुद्दाम केलं ते सगळ्यांनाच दिसलं. कारण नियमकाका या कामातून बाहेर झाले असते तर दुसऱ्या कामावर गेले असते. नवीला दुसरं काम नव्हतं.

"काका, तुमच्या बाजूने काय?" मॅडमनी विचारलं.

नियमकाका भिंतीकडे तोंड करून बसायचे. मान न वळवता ते म्हणाले, "माझ्याकडे यादी आली असेल, तर फोन गेला असेल. फोन गेला नसेल, तर यादी आली नसेल."

काका बोलायचेच असे. चहावाल्याला सुद्धा साखर कमी असेल तर दे, नसेल तर राहू दे, असं सांगायचे. टेस्टिंगवाली ताई म्हणाली, की काकांच्या घराला आग लागली तरी काका आधी धूर असेल तर असं म्हणतील. काका एरवी यावर एक बारीकसं हसायचे. आज हसले नाहीत.

थोडक्यात काय, बोट आलं नवीकडे.

नवीने दुपारभर सगळं पालथं घातलं. मावशी हलायला तयार नव्हत्या. माझा फोन तुमच्या मशीनकडून वाजेल तेव्हाच मी जाईन, म्हणाल्या, आणि पिशवीतून कोणाचा तरी ब्लाऊज काढून हुक लावत बसल्या. नवीला आधी वाटलं जुने फोन असतील. मग वाटलं नंबर चुकीचे उतरवलेत. मग वाटलं तळमजल्याची घरं सुटली. एक एक शंका काढायची, तपासायची, खोडायची, आणि प्रत्येक वेळी मावशी हुकावरून मान वर करून विचारायच्या, सापडलं का गं? ताई म्हणाली, मावशींना आपण पगारावरच घेऊ या, मॅडमपेक्षा जास्त वेळा तर याच विचारतात.

आणि सगळ्यांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे चाचण्या सगळ्या पास होत्या. या ऑफिसची एक पद्धत होती. कुठलीही सिस्टिम बाहेर द्यायच्या आधी प्रत्येकाने तिच्यात आपलं घर घालायचं. घर घालायचं, असंच म्हणायचे. कोणीतरी पूर्वी गमतीत सुरू केलेलं, मग तो नेमच झाला. खोट्या माणसांवर चाचणी केली की आपण आळस करतो, स्वतःच्या घराची माणसं असली की चूक हमखास दिसते, असं मॅडमचं म्हणणं. नवीच्या घरची आई, बाबा, आजी, दोन भाऊ आणि ती, अशी सगळी दुभाष्यातून पलीकडे गेली होती. ताईचा नवरा आणि जुळी. मॅडमचे सासू, सासरे, नवरा, मुलगी. नियमकाकांचे तीन, ते, काकू आणि मुलगी. सगळ्यांच्या घरी फोन वाजले होते. ताईच्या जुळ्यांनी तर रेकॉर्ड केलेल्या आवाजाशी बराच वेळ गप्पा मारल्या होत्या, कारण तो आवाज ताईचाच होता.

काल तालमीच्या वेळीही ताईने काकांना सहज विचारलं होतं. ते राहतात पुलाजवळच्या इमारतीत, म्हणजे अगदी काठावर. तुमचा वाजला का हो? काका म्हणाले होते, वाजायलाच हवा. आणि ताई पुढच्या माणसाकडे वळली होती.

नवीने शेवटी डोळे चोळले, खुर्ची फिरवली, आणि काहीतरी विचारायचं म्हणून मावशींना विचारलं, की तुमच्या घरातल्या दुसऱ्या कोणाचा नंबर दिला होता का सर्व्हेवाल्यांना.

"दुसरं कोण असणार गं?" मावशी म्हणाल्या. "मी आणि माझं मशीन. मशीनला फोन येत नाही."

ताई हसली. मावशी स्वतःही हसल्या. नवी मात्र तशीच बघत राहिली, तोंड जरा उघडंच, आणि मग तिने वळून फोन उचलला. तक्रार केलेल्यांमध्ये एक रिटायर झालेले मास्तर होते. त्यांना घरात किती जण आहेत विचारलं, तर आधी ते तुम्हाला काय करायचंय म्हणाले, आणि मग आवाज उतरवून म्हणाले, मीच आहे. एक रात्रपाळीचा रखवालदार होता. तो म्हणाला, घरी कोणी वाट बघणारं असतं तर रात्रपाळी घेतली असती का. भाड्याच्या खोलीत राहणारी एक कॉलेजातली मुलगी होती, तिने तर प्रश्न पुरा व्हायच्या आधीच सांगितलं.

नवीने एक घर घातलं. खोटं घर, एका माणसाचं. चालवलं.

काहीच झालं नाही. म्हणजे खरंच काही नाही. लाल ओळ नाही, सूचना नाही, काही अडकल्याचं चिन्ह नाही. जावामध्ये चुकलं तर जावा गळा काढते, पानभर ओरडते. नियम तसे नसतात. ज्याला नियम लागू पडला त्याचं ते काम करतात, आणि ज्याला एकही नियम लागू पडला नाही त्याच्याबद्दल गप्प बसतात.

मग तिने दुभाषा उघडला आणि ओळ न ओळ वाचत गेली, आणि सापडलं. रूपांतर करायला तिने एक तयार मिळणारा तुकडा वापरला होता, सगळे वापरतात तो. घरात पाच माणसं असली तर तो पलीकडे पाच जणांची यादी द्यायचा. तीन असली तर तीनची. आणि एकच माणूस असलं, की त्याला वाटायचं, एकासाठी यादी कशाला? तो यादीचं आवरण काढून टाकायचा आणि माणूस तसाच, उघडा, पलीकडे ठेवून यायचा. आणि पलीकडे नियमकाकांचा प्रत्येक नियम सुरू व्हायचा तोच मुळी घराची यादी असेल, इथून. यादीच नाही म्हटल्यावर घरच नाही.

मावशींना समजावून सांगायला नवीने बटणं घेतली. समजा दुकानातून तुमच्याकडे बटणांच्या डब्या येतात. मदतीला ठेवलेल्या बाईला तुम्ही सांगितलंय, डबी दिसली की उघड आणि बटणं लाव. एक दिवस आणणारा म्हणतो, एका बटणाला डबी कशाला, आणि नुसतं बटण टेबलावर ठेवून जातो. बाई आपली डबीची वाट बघत बसते.

"आणि बटण जातं मशीनखाली," मावशी म्हणाल्या. "केर काढताना सापडलं तर सापडलं."

नवी उठली आणि भिंतीकडे गेली. सापडल्याचा आनंद होता आणि जे सापडलं ती आपलीच चूक आहे हेही होतं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिला चालताना खुर्ची लागली. तिने काकांना सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं आता ते मी म्हणालो होतो ना असं म्हणतील, आणि म्हणायचा त्यांना हक्क होता. पण त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, आणि न लावताच हातात धरून ठेवला.

"एकाची यादी," ते म्हणाले.

मग त्यांनी स्क्रीनवर आपले नियम खाली सरकवत नेले आणि एका नियमावर थांबले. नवीला ती भाषा अर्धवटच यायची, पण हा नियम तिलाही वाचता आला. यादीत एकच माणूस असेल, तर सगळ्यांच्या आधी फोन. अंथरुणाला खिळलेल्यांच्याही आधी. नवीने धरणवाल्यांचे मागणीचे कागद तोंडपाठ केले होते, आणि त्यांत असं काही नव्हतं. तिने विचारलं, हा कोणी सांगितला घालायला?

"कोणी नाही. असावा असं वाटलं."

चालवून बघितला होता का, असं तिने विचारलं. काका म्हणाले, बघितला होता की, माझ्या बाजूने. यादी हाताने लिहून, आवरणाचे कंस घालून. हाताने लिहिली तर कंस राहतोच. तुझ्याकडून येणारी यादी कंसाशिवाय येईल असं माझ्या डोक्यात आलं नाही, आणि उरलेल्यांसाठी एक नियम शेवटी ठेवायला हवा होता, कशातच न बसणारं काही आलं तर ओरड असा, तोही मी ठेवला नाही. तेव्हा सगळं आपल्या अंगावर घेऊ नकोस.

नियमकाकांनी आपल्या बाजूचं काही चुकलं असं म्हटलेलं ऑफिसात कोणी ऐकलं नव्हतं. ते आणखी काहीतरी बोलणार होते, निदान त्यांचे ओठ तसे हलले, पण तेवढ्यात मॅडम आल्या आणि काकांनी चष्मा लावला.

मॅडमनी उभ्याउभ्या ऐकलं. त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्यांचा एकच प्रश्न होता, आणि धरणवाले पहिला तोच विचारणार होते. हे चाचणीत कसं सुटलं? आपण प्रत्येकाची घरं घातली होती ना?

"घातली होती," ताई म्हणाली. "पण आपल्यात एकटं कोण आहे?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. खरंच की. ताईने बोटांवर घरं मोजली, सगळी भरलेली. मग म्हणाली, मला तर बाथरूममध्येसुद्धा कोणी एकटं सोडत नाही. मॅडमही जरा हसल्या. काकांनी टेबलावरचा चहाचा रिकामा कप उचलला, तो रिकामा आहे हे बघितलं, आणि परत होता तिथेच ठेवला.

मग चाचणीत चूक नाही, मॅडम म्हणाल्या, आणि हे त्या काही कडक आवाजात बोलल्या नाहीत, हिशोब जुळवल्यासारखं बोलल्या. प्रत्येकाने आपापलं घर खरं खरं घातलं होतं. त्यात एकाचं घर नव्हतंच, तर ते सापडणार कसं. ते दुभाषा लिहिणाऱ्याने स्वतःहून बघायला हवं होतं. काकांनी मध्येच सांगायचा प्रयत्न केला, की शेवटचा नियम त्यांनी ठेवायला हवा होता. मॅडम म्हणाल्या, काका, तो ठेवा असं कागदात कुठे आहे? तुमचा मोठेपणा झाला, पण माझ्या कागदात तो बसणार नाही. त्यांनी नवीच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात इतका हलका होता, की नवीला एकदम घरी आईला काय सांगायचं हेच आठवलं. दुरुस्त कर आधी, मॅडम म्हणाल्या, मग मी लिहून देते.

दुरुस्तीला काय लागतं. एक ओळ. एक असो की दहा, आवरण काढायचं नाही. नवीने ती ओळ लिहिली आणि आपल्याच बोटांकडे बघत बसली. मग तिने खोटं एकाचं घर पुन्हा चालवलं, आणि ते पलीकडे गेलं, आणि काकांचा तो कोणी न मागितलेला नियम पहिल्यांदाच जागा झाला.

आता काल सुटलेल्या सगळ्या घरांना पुन्हा फोन करायचे होते. खरी घरं, सर्व्हेवाल्यांनी दारोदार फिरून लिहिलेली. इथे स्क्रीनवर नावं दिसत नव्हती, फक्त घराचे क्रमांक आणि माणसांची संख्या. मॅडमनी नवीच्या शेजारी खुर्ची ओढली. आयुष्यात पहिल्यांदा त्या ऑफिसात बसल्या असतील. धरणवाल्यांचा कागद त्यांनी मांडीवर घेतला आणि पेनचं टोपण काढलं. काय चुकलं ते त्यांनी वर लिहून ठेवलंच होतं. खाली कोणाच्या बाजूला, ही जागा तेवढी रिकामी होती. फोन लागताना दिसले की लिहायचं आणि पाठवायचं. ताई मावशींच्या मागे उभी राहिली. मावशींनी ब्लाऊज पिशवीत टाकला, फोन दोन्ही हातांत धरला, आरशात बघतात तसा.

"जरा थांब, नवे," नियमकाका म्हणाले.

ते आपल्या जागेवर गेले. खण उघडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात त्यांचा फोन होता. तो त्यांनी नवीच्या टेबलावर ठेवला, स्क्रीन वर करून, आणि बाजूचं बटण सरकवून आवाज पूर्ण मोठा केला. ताईने विचारलं, कोणाचा यायचाय का? काका म्हणाले, येईल. मग ते नवीच्या खुर्चीमागे उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. "असेल तयार, तर चालव," म्हणाले.

नवीने चालवलं.

मावशींचा पहिल्या फटक्यात वाजला. मावशींनी तो इतक्या जोरात कानाला लावला, की डूल रुतला, मग ताईने फोन हातात घेऊन स्पीकर चालू करून दिला. खोलीभर ताईचा रेकॉर्ड केलेला आवाज घुमला. ही तालीम आहे, धरणातून पाणी सोडलं जाणार आहे, नोंद खरी आहे का हे बघण्यासाठी तुमच्या घरात किती माणसं राहतात तो आकडा दाबा. मावशींनी खऱ्या ताईकडे बघून हिला कितीदा सांगायचं असा चेहरा केला आणि एक दाबला. तुम्ही एक सांगितलं, ताईचा आवाज म्हणाला, बरोबर असेल तर पुन्हा एक दाबा. मावशी म्हणाल्या, विश्वासच नाही बाई कोणाचा, आणि पुन्हा दाबला. नवीच्या स्क्रीनवर त्यांचं घर हिरवं झालं. मावशींनी फोन कपाळाला लावला आणि पिशवी उचलली. मॅडमनी पेन कागदाला टेकवलं.

आणि टेबलावरचा दुसरा फोन वाजायला लागला.

त्याची रिंग अशी मोठी, आणि तो असा उताणा, सगळ्यांच्या मध्ये. स्क्रीनवर नंबर होता तो सगळ्यांना पाठ होता, कारण तो सिस्टिमचाच नंबर होता. नवीने मान वर केली. काका पुढे वाकले, फोन हातात न घेता तिथल्या तिथेच कॉल घेतला आणि स्पीकरचं बटण दाबलं. ताईचा आवाज पुन्हा सगळं पहिल्यापासून बोलला, तालीम, धरण, पाणी, आणि शेवटी तुमच्या घरात किती माणसं राहतात तो आकडा दाबा. खरी ताई तोंडावर हात ठेवून उभी होती.

काकांनी एक दाबला.

तुम्ही एक सांगितलं, आवाज म्हणाला. बरोबर असेल तर पुन्हा एक दाबा.

काकांचं बोट आकड्यावर जरा थांबलं. त्यांनी कोणाकडे बघितलं नाही. पुन्हा दाबला.

मावशी दारापर्यंत गेल्या होत्या, त्या वळल्या. त्यांना बिचाऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी सरळ विचारलं, "तुम्हालाही काल नव्हता का आला? मग बोलला नाहीत ते?"

"बोलायला हवं होतं," काका म्हणाले.

मावशींनी मान हलवली, जणू असा माणूस त्यांना रोजच भेटतो, आणि गेल्या. नवीच्या स्क्रीनवर एकामागून एक घरं हिरवी होत चालली होती, मास्तरांचं झालं, रखवालदाराचं झालं, ती बघत होती आणि तिला काहीच दिसत नव्हतं. काकांनी फोन उचलून खिशात टाकला. मग शर्ट सारखा केला, शाळेत उत्तर द्यायला उभं राहतात तसे मॅडमसमोर नीट उभे राहिले.

"चाचणीत मी तीन घातले होते, मॅडम," ते म्हणाले. "तेव्हाही एकच होता."

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. काहीतरी विचारावं असं त्यांच्या तोंडावर आलं, कधीपासून किंवा तसंच काही, आणि त्यांनी ते विचारलं नाही. मांडीवरच्या कागदावर पेन टेकलं होतं तिथे शाईचा एक ठिपका वाढत होता. त्यांनी पेन उचललं, नवीकडे बघितलं, मग ती जागा रिकामीच ठेवून कागद दुमडून पर्समध्ये टाकला.

"बसा ना काका," नवी म्हणाली आणि स्वतःची खुर्ची मागे सरकवून उठली.

काका बसले. स्क्रीनकडे बोट करून म्हणाले, "ते कॉलेजातल्या मुलीचं घर अजून लागत नाहीये. पुन्हा लाव तिला."

नवीने त्यांच्या खांद्यावरून हात घालून पुन्हा लावला.